पाटा वाढवला, वेल्डिंग केलं, आता आर.सी.वर चढवायचंय? थांबा

गॅरेजचं काम उरकून मग आरटीओच्या खिडकीवर येणारे पुष्कळ पाहिले. पाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी, वाढवून झालेला असतो, ब्रॅकेटला वेल्डिंगचे टाके मारून झालेले असतात आणि आता ‘तेवढी नोंद करून द्या’ म्हणतात. तिथेच घोडं अडतं.

मुळात अर्ज लागतो का, ते बघा. झिजलेला बुश, गळका शॉकॲब्सॉर्बर, तुटलेला पाटा काढून कंपनीच्याच मापाचा बसवला तर ती दुरुस्ती. तिला अर्ज नको. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मधला ‘बदल’ वेगळा. गाडीची रचना पालटून तिचं मूळ स्वरूपच बदललं, तर तो बदल. आर.सी.वरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असं काही मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. इंधन बदलण्याचं मान्य किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीचं रूपांतर यांना ठरलेल्या अटींवर वाट आहे. हौसेने गाडी उंच करायला नाही. आणि ट्रकवाल्यांनो, पाट्यांच्या कमानीत दोन पाटे जास्त घातले म्हणून आर.सी.वरचं वजन वाढत नसतं.

आता ते १४ दिवस. ‘करून टाका, १४ दिवसांत कळवलं की झालं’ हा सल्ला छातीठोकपणे दिला जातो. ही मुदत बदल कळवून आर.सी. नोंदीसाठी देण्याची आहे. जे करताच येत नाही ते कळवल्याने चालत नाही. कलम १८२अ प्रमाणे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड गाडीमागे नव्हे, प्रत्येक बदलामागे.

अर्जाला लागणारे कागद म्हणाल, तर आर.सी., विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा बहुतेकांकडे असतो. नसते ती कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण फॉर्म ३५ देऊन आर.सी.वरची कर्जाची नोंद, म्हणजे बोजा, उतरवलेलाच नसतो. कर्ज फिटल्याचं पत्र कपाटात ठेवून आर.सी. कोरी होत नाही, हे बँकही सांगत नाही आणि खिडकीही.

वेल्डिंगचं मात्र कळकळीने सांगतो. पाटा, कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार यांचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून लवचिक केलेलं असतं. टाका मारला की पोलादाचं ते पाणी, म्हणजे प्रक्रियेने आलेला गुण, उतरतं, आणि पुढे भाग तुटतो तो टाक्यात नाही, टाक्याशेजारी. वरून टाका सुंदर दिसतो, म्हणून फसायला होतं. ॲल्युमिनियमचा लोअर आर्म किंवा स्टीअरिंग नकल या चाक धरणाऱ्या भागांनाही वेल्डरला हात लावू देऊ नका; भाग नवाच घ्या. चासीवरचा हँगर, म्हणजे पाटा धरणारा कंस, जोडायचाच असेल तर जाणत्या वेल्डरकडून. आधी बॅटरीची वायर आणि शॉकॲब्सॉर्बर काढायला लावा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ हवा. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर तेही गेलं. बिलावर नुसतं ‘वेल्डिंग काम’ नको. कोणता भाग, कोणत्या नंबरचा, कुठे बसवला, हे लिहून घ्या. पासिंगच्या वेळी तेच विचारलं जातं.