जर्मन ताब्यातील चॅनल बेटे : कादंबऱ्यांतल्या गृहिणीमागचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या चॅनल बेटांवर इंग्रजीत अनेक ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नायिका एकाच घडणीच्या आहेत. नवरा ब्रिटिश सैन्यात गेलेला, पदरात लहान मुले, घरात थकलेली सासू आणि शेजारच्या रिकाम्या घरात जर्मन अधिकारी उतरलेले. लढाया, तोफा, गनिमी हल्ले यांना या कथानकांत फारशी जागा नसते; जे काही घडते ते स्वयंपाकघरात, रेशनच्या रांगेत आणि परसातल्या कोठीत. वाचकाला ही लेखकाने पाहिलेली आपली सोय वाटण्याची शक्यता आहे. वस्तुतः ही मांडणी त्या बेटांच्या भूगोलातून आणि जून १९४० मधल्या दोन आठवड्यांच्या गोंधळातून आलेली आहे.

गर्न्सी, जर्सी, ऑल्डर्नी आणि सार्क ही त्यांतली मुख्य बेटे. ती ब्रिटिश राजमुकुटाची असली तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत. त्यांचे कायदेमंडळ वेगळे, न्यायालये वेगळी. अंतराने ती इंग्लंडपेक्षा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याला कितीतरी जवळ आहेत. फ्रान्स कोसळत असताना, ही बेटे राखण्यासाठी सैन्य खर्ची घालण्यात अर्थ नाही असे लंडनने ठरवले आणि तिथली फौज २० जूनपर्यंत काढून घेतली. मात्र बेटे आता निःशस्त्र आहेत, हे वेळीच जाहीर करण्याची तसदी घेतली नाही. २८ जून १९४० रोजी गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट या मुख्य बंदराच्या धक्क्यावर टोमॅटोने भरलेल्या लॉऱ्या इंग्लंडला माल पाठवण्यासाठी रांगेत उभ्या होत्या. जर्मन वैमानिकांनी त्यांना लष्करी वाहने समजून बॉम्ब टाकले. एकट्या गर्न्सीत तीसहून अधिक माणसे मेली. दोन दिवसांनी, ३० जूनला, जर्मन सैनिक विमानतळावर उतरले.

कादंबरीच्या दृष्टीने खरी निर्णायक घटना त्याआधीची आहे. १९ जूनला गर्न्सीच्या वर्तमानपत्रांत सूचना आली की मुलांना इंग्लंडला पाठवायचे असेल तर पालकांनी त्याच संध्याकाळी नाव नोंदवावे. जहाजे दुसऱ्या दिवसापासून सुटणार होती. शाळकरी मुलांनी शिक्षकांबरोबर जायचे आणि तान्ह्या मुलांबरोबर आईने, अशी व्यवस्था होती. म्हणजे ज्या घरात एक मूल शाळेत जाणारे आणि एक कडेवरचे, ते घर मधोमध दुभंगणार हे उघड होते. म्हातारी माणसे, गोठ्यातल्या गाई, काचघरात पिकू लागलेले टोमॅटो हे सगळे कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्यातच निघून जाणाऱ्यांना भित्रे ठरवणारी आणि घरासारखी दुसरी जागा नाही असे बजावणारी भित्तिपत्रके गावात लागली. त्यामुळे रात्री बांधलेले सामान सकाळी सोडणारी कुटुंबे होती, तशीच धक्क्यावरून परत फिरलेलीही होती. गर्न्सीच्या सुमारे ४२,००० लोकांपैकी सुमारे १७,००० गेले. जर्सीत बेलिफ, म्हणजे बेटाचे मुख्य न्यायाधीश व कारभारप्रमुख, अलेक्झांडर कूटान्श यांचा भर लोकांनी जागीच राहावे यावर होता, त्यामुळे तिथल्या सुमारे ५०,००० पैकी साडेसहा हजारांच्या आसपासच माणसे निघाली. ऑल्डर्नी जवळजवळ पूर्ण रिकामे झाले. मुलांना पाठवणारी आई आणि न पाठवणारी आई, दोघींनीही मुलांना वाचवण्यासाठीच तो निर्णय घेतला होता आणि पुढची पाच वर्षे दोघींनाही तो चुकला की काय, ही धास्ती सोडणार नव्हती.

जर्मनांचा कारभार बहुतांशी बेटांच्या स्वतःच्या प्रशासनामार्फत चाले. संचारबंदी, ओळखपत्रे, घड्याळे जर्मन वेळेला लावणे, वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकणे, हे हुकूम जर्मनांचे असत. पण ते छापणारा, वाटणारा आणि नोंदवही ठेवणारा कारकून ओळखीचा, बहुधा त्याच पॅरिशमधला, म्हणजे गावविभागातला असे. अंगावर येणारी सत्ता अशी शेजाऱ्याच्या तोंडाने बोलू लागली की तिला विरोध करणे फार अवघड होऊन बसते. शिवाय पळून लपायला अरण्य नाही, ओलांडायला सरहद्द नाही, किनाऱ्यावर सुरुंग पेरलेले आणि मासेमारीच्या होड्यांवरही पहारा. १९४४ पर्यंत गर्न्सीत दर दोन नागरिकांमागे साधारण एक जर्मन सैनिक होता. फ्रान्समधल्यासारखी सशस्त्र प्रतिकार चळवळ इथे उभी राहिली नाही, याचे मुख्य कारण हेच. आणि म्हणूनच इथली कादंबरी घराबाहेर फार लांब जाऊच शकत नाही.

घर चालवणे म्हणजे काय होते, हे तत्कालीन रोजनिशांवरून दिसते. जर्सीतल्या नॅन ल रुएझ या शेतकरी कुटुंबातल्या तरुणीने आणि गर्न्सीतल्या व्हायोलेट केरी यांनी लिहिलेल्या रोजनिशा त्यांपैकी विशेष वाचनीय आहेत. चहा संपला तेव्हा ब्लॅकबेरीच्या काटेरी झुडपाची पाने वाळवून उकळली जाऊ लागली. पार्सनिपचे कंद किसून, काळसर होईपर्यंत भाजून त्यांची कॉफी होई. साखरेच्या जागी बीटचे तुकडे तासन्‌तास शिजवून आटवलेला काळा पाक आला. बटाट्याचे पीठ करायचे तर बटाटे किसायचे, कीस पाण्यात खळखळून गाळायचा, पाणी निवळू द्यायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या आपल्याकडच्या बाईला ही कृती वेगळी शिकवावी लागली नसती. मीठ मिळेना तेव्हा समुद्राचे पाणी स्वयंपाकात आले. किनाऱ्यावरचे कॅराजीन शेवाळ उकळून त्याची खीर घट्ट करत. सरपण वाचवण्यासाठी अर्धे शिजलेले भांडे गवताने भरलेल्या पेटीत ठेवून देत. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत पैशांऐवजी वस्तूंच्या बदल्यात वस्तू मागितल्या जात.

इंग्लंडला गेलेल्या मुलांशी संपर्काचा मार्ग एकच होता, रेड क्रॉसचा निरोप, आणि त्यालाही २५ शब्दांची मर्यादा. तो जर्मनांच्या तपासणीतून जाई आणि पोहोचायला महिनोन्‌महिने लागत. बेटावरची उपासमार किंवा तिकडच्या बॉम्बवर्षावाची भीती त्यात लिहिण्याची सोय नव्हती. सगळे ठीक आहे, आजी बरी आहे, उंची किती वाढली, एवढेच. या निरोपांचा वापर कादंबरीकार भरपूर करतात आणि तो योग्यच आहे.

‘आपले कुटुंब’ म्हणजे नेमके कोणाकोणाचे, हा प्रश्न मात्र १९४० च्या ऑक्टोबरपासूनच कठीण होत गेला. ज्यूंची नोंदणी करण्याचा जर्मन हुकूम गर्न्सीच्या राजन्यायालयापुढे आला तेव्हा सर अब्राहम लॅने यांनी त्याला संमती देण्यास नकार दिला. तरीही न्यायालयाने तो हुकूम नोंदवून घेतला. तेरेझ श्टाइनर, आउगुस्टे श्पिट्झ आणि मारियान ग्रुनफेल्ड या आश्रयाला किंवा कामाला आलेल्या तीन ज्यू स्त्रियांना एप्रिल १९४२ मध्ये फ्रान्सला पाठवण्यात आले. तिघींचाही शेवट आउश्वित्झच्या मृत्युछावणीत झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेले पुरुष आणि त्यांची कुटुंबे यांना जर्मनीतील बिबेराख, वुर्त्साख व लाउफेन येथील छावण्यांत हलवण्यास सुरुवात झाली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अशी दोन हजारांहून अधिक माणसे गेली. नवऱ्याचे जन्मस्थान इंग्लंड एवढ्या कारणावरून बेटावरच जन्मलेल्या बाईला मुलांसह सामान बांधावे लागले.

जर्सीच्या सेंट वेन पॅरिशमध्ये लुइसा गुल्ड यांचे वाण्याचे छोटे दुकान होते. त्यांचा मुलगा एडवर्ड ब्रिटिश नौदलात होता आणि १९४१ मध्ये मारला गेला. पुढे जर्मनांच्या तटबंदीच्या सक्तीच्या कामावरून पळालेला फ्योदोर बुरी हा सोव्हिएत युद्धकैदी आसऱ्यासाठी आला, तेव्हा दुसऱ्या एका आईच्या मुलासाठी आपल्याला काहीतरी केलेच पाहिजे, असे त्या म्हणाल्याचे सांगतात. दीड वर्षाच्या आसपास त्यांनी त्याला घरात ठेवले. मग कोणीतरी चुगली केली. झडतीपूर्वी त्याला दुसरीकडे हलवता आले, तो वाचला. लुइसा गुल्ड १९४५ मध्ये रावेन्सब्रुक छावणीत मारल्या गेल्या. त्यांचे भाऊ हॅरॉल्ड ल ड्रुइलेनेक यांनाही छावण्यांत धाडण्यात आले आणि ते बेल्झेनमधून जिवंत परतले. इथे एका बाईने घराचे दार परक्यासाठी उघडले आणि त्याची झळ सख्ख्या भावाला लागली, ही गोष्ट लिहिताना कोणत्याही लेखकाला सोपी बाजू घेता येत नाही.

या कादंबऱ्यांत हमखास येणारा दुसरा धागा म्हणजे जर्मन अधिकाऱ्याशी जुळलेले प्रेम. माझ्या मते त्याचा अतिरेक झालेला आहे. भुकेच्या काळात पाव आणि कोळसा देऊ शकणाऱ्या माणसाशी असलेले नाते नुसत्या प्रेमकथेच्या साच्यात घालणे इतिहासाला सोडून होते, आणि अशा बायकांना शेजाऱ्यांनी दिलेल्या शिव्याशापांकडेही मग काणाडोळा होतो. तरीही हा धागा निखालस कल्पित नाही. जर्सीत डोरोथिया वेबर यांनी हेडविग बर्कू या ज्यू तरुणीला सुमारे अठरा महिने घरात लपवले, आणि त्या काळात अन्न पुरवायला मदत करणारा माणूस कुर्ट र्‍युमेले हा जर्मन सैनिक होता. युद्धानंतर हेडविगने त्याच्याशीच लग्न केले.

मित्रराष्ट्रांनी जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत पाऊल ठेवले, पण बेटांना वळसा घालून. ऑगस्टमध्ये सेंट मालो हे फ्रेंच बंदर जर्मनांच्या हातून गेल्यावर रसद तुटली आणि सैनिक व नागरिक एकाच वेढ्यात अडकले. ‘वेगा’ हे रेड क्रॉसचे जहाज २७ डिसेंबर १९४४ रोजी गर्न्सीला लागले, त्यातल्या पार्सलांनी कित्येकांचे प्राण वाचवले. तरी फेब्रुवारी १९४५ मध्ये गर्न्सीत पाव पूर्ण संपला आणि मार्चमध्ये पिठाची बोट येईपर्यंत तो मिळाला नाही. ९ मे १९४५ रोजी गर्न्सी आणि जर्सी मुक्त झाली.

बहुतेक कथानके या तारखेला थांबतात, आणि तिथेच मोठा विषय हातचा सुटतो. त्या उन्हाळ्यापासून इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट, बरी, ओल्डहॅम इथे वाढलेली मुले परतू लागली. पाच वर्षांची असताना गेलेले मूल दहा वर्षांचे होऊन लँकाशायरच्या हेलात बोलत होते; त्याला आई ओळखू येत नव्हती आणि मागे सोडून आलेल्या पालक-मावशीसाठी ते रडत होते. त्यावर घराघरांत फारसे बोलले गेले नाही, तसेच चुगल्या कोणी केल्या आणि नोंदवह्या कोणी भरल्या यावरही नाही. सहकार्याबद्दलची सरकारी कागदपत्रे संशोधकांना मोठ्या प्रमाणात खुली झाली ती १९९० च्या दशकात. लुइसा गुल्ड यांचा ब्रिटिश सरकारने मरणोत्तर गौरव केला तो २०१० मध्ये, आणि डोरोथिया वेबर यांना ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्यांना इस्रायल देते तो सन्मान २०१६ मध्ये मिळाला. या विषयावरच्या इतक्या कादंबऱ्या युद्धानंतर दोन पिढ्या उलटल्यावर का आल्या, याचा उलगडा बराचसा या तारखांत आहे.