ग्रीन कार्डची रांग लागली कशी?

राजारामपुरी, नागाळा पार्क, ताराबाई पार्क... मुलगा-सून अमेरिकेत असलेलं घर आता कोल्हापुरात नवलाचं राहिलेलं नाही. दिवाळीला पाहुणे हमखास विचारतात, "ग्रीन कार्ड झालं का?" म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना मिळाला का. नाही म्हटलं, की पोरगाच कुठंतरी कमी पडला असा समज होतो. त्या पोरावर हा अन्याय आहे. उशिराचं कारण कायद्यात आहे, आणि तो कायदा १९९० सालचा आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेनं देशवार जुने कोटे मोडीत काढले आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मोकळी झाली. आजची चौकट मात्र १९९० च्या कायद्यानं घालून दिली. एच-१बी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांना ठरावीक काळ नोकरी करू देणारे व्हिसे, वर्षाला ६५,०००, मुदत जास्तीत जास्त सहा वर्षं. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि त्यात नवरा-बायको, मुलं सगळी धरून. वर अट अशी, की कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. देश धरायचा तो जन्माचा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जन्मलेल्या मुलानं उद्या कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तरच सुटका.

हिशेब मांडून बघा. नोकरीच्या ग्रीन कार्डांचे वेगवेगळे गट आहेत; आपले बहुतेक इंजिनिअर त्यातल्या ईबी-२ किंवा ईबी-३ मध्ये मोडतात. ईबी-२ ला वर्षाला सुमारे ४०,००० नंबर. त्याचे सात टक्के म्हणजे जेमतेम २,८००, तेही कुटुंबासकट. इतर देशांचे नंबर उरले तर ते भारताकडे वळतात, नाहीतर रांग जागेवरच.

खरी गाठ पडली ती संगणक क्षेत्राच्या भरभराटीत. कंपन्यांना माणसं हवी होती म्हणून २००१ ते २००३ या वर्षांसाठी एच-१बीची मर्यादा १,९५,००० वर नेली. ग्रीन कार्डाचा आकडा मात्र तसाच ठेवला. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ हेच. २००० च्या कायद्यानं एक दिलासा दिला: ग्रीन कार्डाची प्रक्रिया वेळेत सुरू झाली असेल तर सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून मिळतो. त्यामुळे माणसं तिथं टिकली, आणि रांग लांबतच गेली.

अर्ज मुळात कंपनीचा असतो, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. २००५ पासून ही पायरी 'पर्म' नावानं चालते. या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही हे कंपनीनं दाखवायचं. त्यासाठी साधारणपणे रविवारच्या दोन अंकांत जाहिरात द्यावी लागते. तो अर्ज दाखल झाला ती तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांगेतली आपली जागा. पुढं आय-१४० हा कंपनीचाच इमिग्रेशन खात्याकडचा अर्ज, आणि मग रांग कुठल्या तारखेपर्यंत आली हे सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला उघडून भारताच्या रकान्यातली तारीख बघणं. २०२५ च्या अखेरीस ईबी-२ मध्ये ती तारीख २०१३ सालातली होती. तेव्हा रांगेत लागलेल्याचं पहिलीतलं मूल आता एकविशीकडे निघालंय, आणि एकविशी ओलांडली की ते आई-बापाच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. याचा घोर त्या घरांत रोज असतो.

जुलै २००७ च्या बुलेटिननं रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांना ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज करता येईल म्हणून जाहीर केलं आणि २ जुलैला शब्द फिरवला. भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवली; सरळ गांधीगिरी. १७ तारखेला सरकारनं माघार घेऊन अर्ज स्वीकारले. २०१७ च्या नियमानं आणखी थोडं बळ दिलं: आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीनं तो मागं घेतला तरी प्रायॉरिटी डेट सहसा शाबूत राहते. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर, म्हणजे आपल्यासाठी अर्ज करणारी कंपनी, शोधायला मात्र जास्तीत जास्त ६० दिवस.

म्हणूनच शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत शिकलेल्या मुलांनी जर्मनीचाही विचार करावा असं मला मनापासून वाटतं. १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती बंद करणारा हा देश २०१२ पासून ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना, देतो. त्यावर २७ महिन्यांत, आणि जर्मन बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. जन्माच्या देशाची रांग तिथं नाही. ब्लू कार्डाला साधारणपणे पदवी आणि ठरलेला पगार लागतो. आयटीआयवाल्यांसाठी कुशल कामगारांचा वेगळा परवाना आहे, त्याची मुदत वेगळी मोजली जाते. निघण्याआधी आपण कुठल्या परवान्यावर जातोय, हे करारात वाचून घ्यावं.