डिव्हिजन वनचा अर्ज : फी भरता येते, आमंत्रण कुठून आणायचं?

अमेरिकेतली काही ना काही कॉलेजं दरवर्षी खेळांत वरच्या पायरीवर जायची धडपड करतात आणि बरीचशी एकाच कागदापाशी अडतात. स्टेडियमचा आराखडा तयार असतो, माजी विद्यार्थ्यांनी देणग्या कबूल केलेल्या असतात, गावातल्या पेपरात बातमीही येऊन गेलेली असते. नसतं ते फक्त कॉन्फरन्सचं आमंत्रण.

आधी एक घोळ मिटवू. एनसीएए ही कॉलेज खेळांची शिखर संस्था. १९७३ पासून तिचे तीन डिव्हिजन आहेत, त्यात सगळ्यात वरचा डिव्हिजन वन. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. त्याची नियमावली वेगळी, फी वेगळी आणि टीव्हीचे करारही त्याचे स्वतःचे. म्हणजे डिव्हिजन बदलायचा अर्ज एनसीएएकडे आणि कॉन्फरन्स बदलायचा व्यवहार कॉन्फरन्सशी. एकीकडची मंजुरी दुसरीकडे चालत नाही.

पात्रतेच्या अटी वाचायला भारी वाटतात, पण त्या जमण्यासारख्या आहेत. डिव्हिजन वनसाठी किमान १४ खेळांचे संघ लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च गटात, म्हणजे एफबीएसमध्ये जायचं तर १६. शिवाय ठरावीक शिष्यवृत्त्या, खेळाडूंच्या अभ्यासाची आकडेवारी आणि मुलामुलींना समान संधी दिल्याचा हिशेब. नियमपालन विभागात एक जाणता माणूस असला की ही फाईल तयार होते.

आमंत्रणाचं तसं नाही. २०११ पासून नियम असा आहे की डिव्हिजन वनमधल्या एखाद्या कॉन्फरन्सने रीतसर बोलावल्याशिवाय तिथे अर्जच करता येत नाही. एफबीएससाठी एफबीएस कॉन्फरन्सचं आमंत्रण लागतं. ‘आम्ही सध्या स्वतंत्र खेळू, कॉन्फरन्सचं नंतर बघू’ हा मार्ग सॅक्रामेंटो स्टेटने २०२५ मध्ये चोखाळून पाहिला. त्या जूनमध्ये एनसीएएने विनंती फेटाळली. आत कोणाला घ्यायचं हे आधीपासून आत बसलेल्यांनी ठरवायचं, ही पद्धत मला पटत नाही. पण नियम तो नियम, त्यामुळे अर्ज हातात घेण्याआधी कॉन्फरन्सच्या आयुक्तांचं दार ठोठावा.

फीचंही जुन्या माहितीवर विसंबू नका. एफबीएसमध्ये जायची फी पूर्वी ५ हजार डॉलर होती. २०२३ मध्ये ती थेट ५० लाख डॉलर झाली. त्याच वेळी सामन्याला सरासरी १५ हजार प्रेक्षक हवेत ही जुनी अट काढून टाकली. आजही काही जण तिकीट विक्रीचे आकडे जमवत बसतात, ते कशासाठी कोण जाणे.

आता तारखा. एनसीएएकडे अर्ज पोचायची मुदत १ जून. ही सगळ्यांना पाठ असते. चुकते ती दुसरी, जुन्या कॉन्फरन्सला नोटीस द्यायची. आपल्याकडे ३१ मार्चचं जे महत्त्व, ते तिकडे ३० जूनचं. टेक्सस स्टेटने सन बेल्ट ही कॉन्फरन्स सोडून पॅक-१२ या कॉन्फरन्समध्ये जायचा निर्णय २०२५ मध्ये नेमका ३० जूनला जाहीर केला. बाहेर पडायची फी होती ५० लाख डॉलर. तो दिवस उलटला असता तर ती १ कोटी झाली असती.

पॅक-१२ लाही घाई होती. २०२४ मध्ये त्यांची दहा कॉलेजं निघून गेली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. एफबीएस कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात आणि संख्या घटली तर दोन वर्षांची सवलत मिळते. नवे सदस्य जोडत आकडा आठवर गेलाही होता, पण त्यातलं गॉन्झागा फुटबॉल खेळतच नाही, म्हणून ते मोजणीत धरलं जात नाही. टेक्सस स्टेटमुळे आठवा आला. यादी मोजताना हा बारकावा हमखास निसटतो.

जुन्या कॉन्फरन्सची घटनाही शेवटच्या पानापर्यंत वाचा. जेम्स मॅडिसन विद्यापीठाने २०२१ मध्ये सीएए ही आपली कॉन्फरन्स सोडत असल्याचं सांगितलं, तेव्हा सीएएने जाणाऱ्या सदस्यांविषयीच्या कलमावर बोट ठेवलं आणि उरलेल्या वर्षात त्यांच्या संघांना कॉन्फरन्सच्या विजेतेपदापासून दूर ठेवलं. निर्णय घेतला विद्यापीठाने, मोसम गेला मुलांचा.

आणि अर्ज मंजूर झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. पुढे संक्रमणकाळ असतो आणि त्यात बहुतेक राष्ट्रीय स्पर्धांचं दार बंद. २०२३ मध्ये संक्रमणात असलेल्या मेरिमॅक कॉलेजने आपल्या कॉन्फरन्सच्या बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम लढत ६७-६६ अशी एका गुणाने जिंकली, तरी राष्ट्रीय स्पर्धेत गेलं ते हरलेलं फेअरली डिकिन्सन. त्यांनी तिथे अव्वल मानांकित परड्यूला हरवलं, ते जगाने पाहिलं. मेरिमॅकची पोरं घरी टीव्हीपुढे. जानेवारी २०२५ मध्ये नियम थोडा सैलावला. ठरावीक निकष पूर्ण केले तर डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांना चारऐवजी तीन वर्षं आणि थ्रीमधून येणाऱ्यांना पाचऐवजी चार वर्षं थांबावं लागतं. तरी हिशेब करा: कॉलेजचं शिक्षण साधारण चार वर्षांचंच असतं.

टेनिस किंवा पोहण्याच्या शिष्यवृत्तीवर मुलाला तिकडे पाठवणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी म्हणूनच सही करण्याआधी विचारावं : कॉलेज संक्रमणात आहे का, असल्यास कोणत्या मोसमापर्यंत, आणि कॉन्फरन्स सोडायची नोटीस दिली आहे का? उत्तर कोचकडून फोनवर नको, नियमपालन विभागाकडून ईमेलवर घ्या. कोच स्वतःच पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात गेलेला असू शकतो.