रस्त्याच्या खडबडीतपणाचे वाहनावरून मापन

चालत्या वाहनावरील सेन्सरांनी रस्त्याचे चढउतार मोजून दुरुस्तीचा क्रम ठरवण्याची पद्धत. यातले प्रमुख माप म्हणजे आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक, अर्थात आयआरआय. जागतिक बँकेने 1982 मध्ये ब्राझीलमध्ये घेतलेल्या चाचण्यांमधून तो पुढे आला. ताशी 80 किमी वेगाने जाणाऱ्या एका काल्पनिक चाकाचे सस्पेन्शन दर किलोमीटरला एकूण किती मीटर वरखाली होईल, हे तो सांगतो.

भारतातले जुने साधन बंप इंटिग्रेटर. हा एकचाकी ट्रेलर जीपमागे ताशी 32 किमी वेगाने ओढतात. उत्तर मिमी प्रति किमी मिळते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2004 च्या निकषांनुसार डांबरी काँक्रीटवर 2000 पेक्षा कमी आकडा चांगला, 3000 च्या वर वाईट मानला जाई (आयआरआयमध्ये अंदाजे 2.8 आणि 4). पण टायरमधली हवा कमी झाली किंवा स्प्रिंग सैल पडली की त्याच रस्त्याचा आकडा बदलतो, म्हणून त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) वारंवार करावे लागते.

लेसर प्रोफाइलोमीटर वाहनाचा हा वाटा वजा करतो. गाडीवर दोन्ही चाकोऱ्यांच्या वर बसवलेले लेसर जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात, प्रवेगमापक गाडीची स्वतःची उसळी नोंदवतो आणि चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर कापलेले अंतर देतो. गाडी किती वरखाली झाली हे काढायला प्रवेगाचे दोनदा समाकलन (इंटिग्रेशन) करावे लागत असल्याने गाडी रांगली किंवा ब्रेक दाबला की त्रुटी फुगते. वाहतूक कोंडीतल्या नोंदी टाकूनच द्याव्यात. पाहणीपूर्वी उभी गाडी हाताने दाबून हलवतात. तेव्हा आयआरआय शून्याच्या जवळपास राहिला नाही, तर उपकरण विश्वासार्ह नाही. साचलेल्या पाण्यावर लेसरचे मापन चुकते, त्यामुळे पावसात पाहणी करत नाहीत.

मोबाइल फोनमधला प्रवेगमापक स्वस्त पडतो, पण जुन्या बंप इंटिग्रेटरचाच दोष त्यात परत येतो. सेकंदाला 100 नोंदी घेतल्या तरी ताशी 60 किमी वेगात दोन नोंदींमध्ये सुमारे 17 सेंमी रस्ता निघून जातो. मॅनहोलचे झाकण आणि गतिरोधकही खड्डा म्हणून नोंदले जातात. शिवाय चालक खड्डा चुकवतो, त्यामुळे सर्वांत मोठा खड्डाच नोंदीतून सुटू शकतो! जीपीएसची चूक काही मीटरची असल्याने अनेक गाड्यांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय जागा पक्की होत नाही.

दुरुस्तीच्या नियोजनासाठी साधारण 100 मीटरच्या तुकड्यांचे आकडे वापरतात. खडबडीतपणा वाढला पण भेगा नाहीत, तर वरचा थर सपाट करून भागते. भेगा आणि खोल चाकोऱ्या सोबत दिसल्या, तर आधी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने (वजन आदळून रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या यंत्राने) खालच्या थरांची ताकद तपासावी. नाहीतर नवे डांबरही लवकरच फाटते.