ॲशचा थुंकणारा नाग

इलॅपिडी कुलातील पूर्व आफ्रिकेतील विषारी सापाची एक जाती. शास्त्रीय नाव नाजा ॲशेई. विष फवारणाऱ्या ज्ञात नागांत हा सर्वांत मोठा मानला जातो. केनियाचा पूर्व व उत्तर भाग, दक्षिण इथिओपिया, दक्षिण सोमालिया आणि पूर्व युगांडा येथील सखल, कोरड्या प्रदेशांतून त्याची नोंद आहे. पाठ तपकिरी ते जैतुनी, पोट फिकट आणि गळ्यावर गडद पट्टा. पूर्ण वाढलेला साप २ मी.पेक्षा लांब असू शकतो. केनियाच्या किनाऱ्यावरील वाटामू येथे पकडलेला एक साप सुमारे २.७ मी. लांब होता, पण अशी लांबी अपवादात्मकच समजावी.

इतका मोठा साप २००७ पर्यंत स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेला नव्हता. तोवर त्याला काळ्या गळ्याच्या थुंकणाऱ्या नागाचे (नाजा निग्रिकॉलिस) तपकिरी रूप समजत. वाटामूच्या बायो-केन सर्पकेंद्राचे संस्थापक जेम्स ॲश यांना तो वेगळा असल्याचा संशय १९६० च्या दशकापासूनच होता. वुल्फगँग व्यूस्टर व डोनाल्ड ब्रॉडली यांनी जातीचे वर्णन करून तिला ॲश यांचेच नाव दिले. या निर्णयाचा मुख्य आधार मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांतील) डीएनएचा क्रम हा होता. त्यानुसार हा साप काळ्या गळ्याच्या नागापेक्षा मोझांबिकच्या थुंकणाऱ्या नागाला (नाजा मोसांबिका) अधिक जवळचा ठरतो. नागांच्या वर्गीकरणात रंगावर विसंबणे किती धोक्याचे आहे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. २००९ मध्ये आफ्रिकेतील विष फवारणाऱ्या नागांसाठी आफ्रोनाजा हा उपवंश सुचवण्यात आला. ही जाती त्यातच मोडते.

या नागांच्या विषदंताचे छिद्र टोकाजवळ पुढच्या बाजूला उघडते आणि इतर नागांच्या छिद्रापेक्षा लहान व गोलसर असते. ग्रंथीभोवतीचे स्नायू आकुंचन पावले की विष दाबाने बाहेर पडते. त्याच वेळी डोके वेगाने हलत असल्याने विषाच्या धारा शत्रूच्या चेहऱ्यावर पसरतात. जवळच्या जातींवरील प्रयोगांत, साप समोरच्याच्या हालचालीचा अंदाज घेऊन नेम धरतात असे आढळले. हे वर्तन संरक्षणासाठी आहे. भक्ष्य मात्र चावूनच मारले जाते.

विष फवारण्याची क्षमता तीनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात: आफ्रिकी नागांत, आशियाई नागांत आणि दक्षिण आफ्रिकेतील रिंखाल्स या सापात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तिन्ही गटांच्या विषात एक समान गोष्ट दिसली. फॉस्फोलिपेझ ए२ हे विकर (एन्झाइम) पेशीनाशक विषद्रव्यांचा परिणाम वाढवते आणि वेदना जाणवणारे चेतातंतू अधिक तीव्रतेने उद्दीपित होतात. कारणाबद्दल मात्र एकमत नाही. खुरांखाली तुडवले जाण्यापासून बचाव हे जुने स्पष्टीकरण. मानवाच्या पूर्वजांशी पडलेली गाठ हे नवे. दुसऱ्या मताचा आधार प्रामुख्याने कालखंडांच्या मेळावर असून ते कालखंडही अंदाजे आहेत, त्यामुळे सध्या ते शक्यता म्हणूनच घ्यावे. विषाच्या रसायनाचा पुरावा यापेक्षा भक्कम आहे.

हा नाग इतर साप खातो. पफ ॲडरसारखा जाड विषारी सापही त्याचे भक्ष्य झाल्याची नोंद आहे. इतर नागांप्रमाणेच मादी अंडी घालते.

दंशात मुख्यतः स्थानिक सूज व ऊतींचा नाश होतो. दातांतून एका वेळी बरेच विष जाऊ शकत असल्याने प्रत्येक दंश गंभीर मानून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. विष डोळ्यात गेल्यास तीव्र वेदना होतात आणि उपचार न झाल्यास पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे बराच वेळ धुवावेत, चोळू नयेत आणि नंतर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. प्रतिविष थेट डोळ्यात घालण्याची शिफारस केली जात नाही.