दिसलेला खड्डा आणि बसलेला धक्का
गाडीत मोबाईल लावला की खड्ड्यांचा नकाशा आपोआप तयार होतो, असं कुणी सांगितलं तर आधी विचारायचं: कॅमेरा वापरता, की मोबाईलमधला हादरे मोजणारा सेन्सर? दोन्हींचे लाल ठिपके नकाशावर सारखेच दिसतात, आणि घोळ तिथेच होतो.

हादऱ्याचा हिशोब सोपा आहे. हा सेन्सर म्हणजे ॲक्सेलरोमीटर गाडीचं वर-खाली होणं टिपतो, जीपीएस जागा सांगतो. एमआयटीच्या संशोधकांनी २००८ साली बोस्टनच्या टॅक्सींमध्ये हे करून दाखवलं. पण चाक खड्ड्यात गेलं तरच नोंद. तासगाव-सांगली रोज ये-जा करणाऱ्या ड्रायव्हरला खड्डे पाठ असतात. तो चुकवत जातो आणि कागदावर रस्ता चकाचक! शिवाय एकाच खड्ड्यात वडाप जीप आणि एसटी वेगवेगळ्या आदळतात, वेग बदलला की आकडाही बदलतो. गतिरोधक मात्र बऱ्यापैकी वेगळे काढता येतात, कारण त्यावर दोन्ही बाजूंची चाकं एकदम उचलली जातात, खड्ड्यात बहुधा एकाच बाजूचं चाक जातं.

कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. आरडीडी २०२२ या सगळ्यांना खुल्या असलेल्या संग्रहात भारतासह सहा देशांतल्या रस्त्यांचे ४७,४२० फोटो आहेत. त्यावर शिकवलेलं कॉम्प्युटर मॉडेल लांबीतल्या भेगा, आडव्या भेगा, जाळीदार भेगा आणि खड्डे ओळखतं. माझ्या मते यातली जाळीदार भेग सगळ्यात मोलाची. तिच्यावरून जाताना गाडी हलतसुद्धा नाही, म्हणून सेन्सर गप्प. पण खालचा थर थकल्याची ती खूण असते. महाबळेश्वर किंवा कासच्या पावसात त्या जाळीतून पाणी मुरलं की खडी सुटायला वेळ लागत नाही. ती मे महिन्यात सापडली तर थोडक्यात भागतं.

कॅमेराही फसतो. वडाची सावली, नवा डांबरी पॅच, उसाच्या ट्रॉलीतून सांडलेलं पाचट, सगळं त्याला संशयास्पद. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. वेगाचाही फटका बसतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात २८ सेंटिमीटर पुढे. चित्र प्रवासाच्या दिशेने फरफटतं, त्यामुळे आडव्या भेगा आधी पुसल्या जातात, लांबीतल्या टिकतात.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मात्र सेन्सरची बाजू वरचढ ठरते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि डांबर न फुटताही रस्ता लाटांसारखा होतो. फोटोत ठीकठाक, पाठीला विचारा. अशा ठिकाणी दोन्ही नोंदी एकाच फेरीत घ्याव्यात. पण मोबाईलचे हादरे म्हणजेच आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स) असं कुणी टेंडरमध्ये लिहू नये. तो मीटर प्रति किलोमीटरमधला खडबडीतपणाचा निर्देशांक आहे आणि रस्त्याचा उंचसखलपणा नीट मोजून, ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या ठराविक गणिती गाडीवर काढला जातो.