बारशाची वाट पाहू नका: हृदयदोष असलेल्या बाळाच्या मोफत शस्त्रक्रियेची कागदपत्रं

टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं की घरात पहिली धावपळ पैशासाठी होते. दागिने गहाण ठेवण्याआधी हे वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आता पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं आणि उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटायचं, रेशनकार्ड आणि ओळखपत्र द्यायचं, पुढची ऑनलाइन मंजुरी दवाखाना घेतो.

अडतं ते बाळाच्याच कागदावर. महिन्याभराच्या बाळाचं नाव रेशनकार्डात कुठून असणार? त्यासाठी सोय आहे: बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो आणि आईवडिलांचं रेशनकार्ड. पण बऱ्याच लोकांकडे जन्मदाखलाच नसतो.

एका दवाखान्याच्या खिडकीसमोर सावनेरकडचे एक वडील भेटले. पिशवीत इकोचा रिपोर्ट, रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डं, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. दाखला विचारला तर म्हणाले, "ऑपरेशन झालं की बारसं करू, मग नाव टाकून काढू." चाळीस दिवसांच्या त्या पोरीच्या कागदांवर अजून 'बेबी ऑफ' एवढंच होतं. खिडकीवरून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. नाव न घालताही दाखला मिळतो, हे एक वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला किती वेळ लागतो?

तर नीट लक्षात घ्या. जन्माची नोंद नावाशिवाय होते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जन्म कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. तुम्हाला फक्त दाखला घ्यायचा असतो. 21 दिवसांची मुदत नोंदणीसाठी आहे, नावासाठी नाही. ती उलटली तरी नोंद होते, 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून आणि त्यानंतर लेखी परवानगी काढून. शिवाय नोंद बाळ जन्मलं तिथेच होते. नागपूरच्या डागा किंवा मेयो दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही, त्यासाठी ग्रामसेवकाकडे खेटे घालू नका. ज्या दवाखान्यात बाळ जन्मलं तिथे आधी विचारा.

दुसरा घोळ आईच्या नावाचा. आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं, किंवा नाव अजून माहेरच्याच कार्डात. बाळाला भरती करताना आईचं रेशनकार्डावर आहे तेच नाव लिहायला सांगा आणि जन्मदाखला हाती आला की तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

दवाखाना निवडताना फक्त "इथे योजना आहे का?" असं विचारू नका. "लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी योजना आहे का?" असं विचारा. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक उपचार होत नाही. 155388 वर फोन करून खात्री करा. आधी खिशातून भरलेलं बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका.

बाळ निळं पडत असेल, दूध ओढताना घामाघूम होऊन थांबत असेल, तर कागद गोळा करत बसू नका. आधी दवाखाना गाठा. तातडीच्या वेळी आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेऊ शकतो, कागद मागाहून देता येतात.

मूल थोडं मोठं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येतं तेव्हा त्यांना रिपोर्ट दाखवा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथून पुढे उपचारासाठी पाठवतात. योजनेत काही बसत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. तिथे मात्र तहसीलदाराचा 1 लाख 60 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. बाळाच्या आधारऐवजी आईचं आधार चालतं. हा अर्ज उपचार सुरू असतानाच करायचा. सुट्टी झाल्यावर बिलं घेऊन गेलेले पालक मी रिकाम्या हाताने परतताना पाहिले आहेत.

सावनेरच्या त्या मुलीचा दाखला नावाचा रकाना कोरा असतानाच निघाला आणि चालला. बारसं झालं की दाखला जिथून निघाला त्याच कार्यालयात जाऊन नाव घालायचं. नोंदणीपासून वर्षभरात त्याला शुल्क पडत नाही.